मामांची वॅगन-आर: जुनी गाडी स्वतः विकताना काय काय झालं

नावं घेत नाही, आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितोय. गाडी माझ्या मामांची, विकायचं काम माझ्याकडं आलं. मी कारखान्यात अकाउंट्स बघतो, गाड्यांच्या धंद्याशी माझा काडीचा संबंध नाही. त्यामुळं जे चुकलं ते पहिल्यांदा गाडी विकणाऱ्या कुणाचंही चुकू शकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पार्श्वभूमी

मामा रिटायर्ड, जुळे सोलापूरला राहतात. गाडी २०१४ ची वॅगन-आर, पेट्रोल, एमएच १३ पासिंग, सिंगल हँड, रनिंग ६८ हजार. दर गुरुवारी मामींना घेऊन अक्कलकोट, वर्षातून दोन वेळा तुळजापूर, एखादं लग्न, एवढंच फिरलेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मामांना क्लच दाबवेना आणि दीड वर्ष गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी राहिली. उभ्या गाडीचं काय होतं ते माहितीच आहे, बॅटरी दोनदा बसली, टायर कडक पडले, एका बाजूनं उंदरानं वायर कुरतडली.

२०२५ च्या मे महिन्यात मामी म्हणाल्या, आता विकून टाका, बघवत नाही. मामांच्या डोक्यात आकडा होता तीन लाख. का तीन लाख, तर गाडी एका हातानं वापरलेली, रोज सकाळी फडकं मारलेली. मला ते पटत होतं, पण गिऱ्हाईक फडकं मारल्याचे पैसे देत नाही. तो मॉडेल किती सालचा ते बघतो आणि पंधरा वर्षांचं पासिंग कधी संपतंय ते मोजतो. म्हणजे २०२९. त्यानंतर परत पासिंग आणि पर्यावरण कर आलाच.

अडचण नेमकी कुठं होती

मला वाटलेलं अडचण गिऱ्हाईक मिळायची असणार. तसं काहीच नव्हतं, ऑनलाइन जाहिरात टाकली आणि पहिल्या दिवशीच चौदा फोन आले. अडचण निघाली कागदात, आणि ती निघाली जाहिरात टाकल्यावर, ही पहिली चूक.

विजापूर रोडवरून एक जण गाडी बघायला आला, तरुण पोरगा, चांगला वाटला, त्यानं उभ्या उभ्याच मोबाईलवर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये नंबर टाकला आणि म्हणाला, "काका, गाडीवर एचपी दिसतंय की अजून." एचपी म्हणजे गाडीवरची कर्जाची नोंद. मामा तर रागानं लाल झाले, म्हणाले कर्ज २०१९ लाच फेडलंय, एक रुपया बाकी नाही. आत जाऊन निळी फाइल आणली, त्यात बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला होता, ती नोंद उतरवायचा फॉर्म ३५ सुद्धा होता सही-शिक्क्याचा. पण तो कागद आरटीओत कुणी दिलाच नव्हता. सहा वर्षं फाइलीत नीट ठेवलेला. आणि बँकेच्या अशा दाखल्याला, म्हणजे एनओसीला, मुदत असते, साधारण तीन महिने, म्हणजे ती कधीचीच संपलेली. पोरगा म्हणाला क्लिअर करा मग बघू, आणि गेला. तो परत आला नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा बसून सगळं तपासलं. एचपी तर होतंच. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर मामांचा जुना, बंद पडलेला, म्हणजे ऑनलाइन अर्जाचा ओटीपी येणारच नाही. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यानं एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागणार होती, ती बसवलेली नव्हती, आणि त्याशिवाय जुन्या गाड्यांची नाव ट्रान्सफरसारखी कामं आरटीओत अडायला लागली होती. दोन ई-चलनं पेंडिंग, त्यातलं एक माझ्या हातचं, पुण्याला जाताना स्पीडचं. पीयूसी संपलेली. इन्शुरन्स ऑगस्टपर्यंत होता तेवढं एक बरं.

मला खरंच वाईट वाटलं कारण मामा कागदाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, लाइट बिलाच्या वीस वर्षांच्या पावत्या आहेत त्यांच्याकडं. कर्ज फेडलं की बँक आपोआप आरटीओला कळवत असेल असंच त्यांनी धरलेलं. मीही तसंच धरलं असतं.

समोर आलेले पर्याय

कागद अर्धवट असतानाही ऑफर येत राहिल्या. मोठ्या निर्णयाचे दिवस हेच.

पहिला, गावातलाच जुन्या गाड्यांचा एक डीलर. घरी आला, बॉनेट उघडलं, दरवाजांची रबरं खेचून वेल्डिंगचे टिपके बघितले, दोन मिनिटात १ लाख ९० म्हणाला. एचपीचं मी बघतो, चलनांचं मी बघतो, पैसे आत्ता. फक्त टीटीओ, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्मवर सह्या करून द्या, नाव-तारीख कोरी ठेवा. म्हणजे फॉर्म २९ आणि ३०. कोरे कशाला? तर त्याला पुढं गिऱ्हाईक मिळेल तेव्हा थेट त्याच्या नावावर करायचं, मधी आपलं नाव नको. हे सगळीकडं चालतं आणि लोक बिनधास्त सह्या करतात. खरं तर १ एप्रिल २०२३ पासून नियम आलाय की जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात घेतल्याचं पोर्टलवर कळवायचं, मग त्या काळातली जबाबदारी त्याची. मी त्याला विचारलं तुमचं ते अधिकारपत्र आहे का, तर म्हणाला, "मालक, वीस वर्षं धंदा करतोय, सोलापुरात कुणालाबी विचारा." माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण उत्तर मिळालं नाही.

दुसरा पर्याय आपल्या सोलापूरचा खास. इंडीकडची पार्टी. आपल्याकडून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं इंडी, आळंद, विजयपूरकडनं लई गिऱ्हाईक येतं. हे दोघं भाऊ आले, द्राक्षबाग आहे त्यांची, गाडी बारकाईनं बघितली, मे महिन्यात दुपारी दोन वाजता एसी लावून अर्धा तास बसून राहिले आणि २ लाख ६० हजार म्हणाले. सगळ्यात मोठी ऑफर. मामांचा चेहरा फुलला. मग मी एनओसीचं काढलं, फॉर्म २८. दुसऱ्या राज्यात गाडी नावावर करायची तर इथल्या आरटीओची एनओसी लागते, आणि तिकडं नोंदणी करताना तिकडचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो टॅक्स वाचवायचा हाच तर त्यांचा हिशोब होता. मोठा भाऊ म्हणाला, "साहेब, आमच्या गावात निम्म्या गाड्या एमएच १३ च हायत ओ, कोण बघतंय? तुम्ही सह्या द्या, बास." कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, पण त्यांना तो घ्यायचाच नव्हता. म्हणजे गाडी फिरणार इंडीत आणि कागदावर मालक कायमचे आमचे मामा.

तिसरा एक "आर्मीवाला" फोनवर. गाडी न बघताच २ लाख ८० ला पक्की केली, कार्डाचा फोटो पाठवला, आणि टोकन पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो, हे मला माहिती होतं म्हणून वाचलो. पण मामा एकटे असते तर? त्यानं आरसी आणि आधारचा फोटो मागितलेला आणि मामा पाठवायच्या तयारीत होते. असे फोटो घेऊन हे लोक पुढच्या कुणालातरी आपलीच गाडी म्हणून फसवतात.

चौथे, मोहोळचं एक जोडपं. बाई सोलापुरात हॉस्पिटलला नर्स, नवरा तिकडंच एका शाळेत. स्वतःचा मेकॅनिक घेऊन आले, त्यानं क्लच प्लेट आणि टायरचे मिळून पंचवीस हजार सांगितले. ऑफर २ लाख २०. कागद क्लिअर झाल्यावरच घेणार, पण थांबायला तयार.

निर्णय कसा झाला

घरात तीन दिवस वाद चालला. मामांचं म्हणणं ४० हजार म्हणजे थोडे पैसे नाहीत, भाऊ लोक सरळ आहेत, बॉन्डवर लिहून घेऊ की आजपासून सगळी जबाबदारी तुमची. मला सुरुवातीला ते बरोबरच वाटलं. ५०० चा बॉन्ड, दोन साक्षीदार, झालं.

मग ओळखीच्या एका वकिलांना विचारलं, ते डफरीन चौकात भेटले, उभ्यानंच पाच मिनिटात त्यांनी सगळं सांगितलं. सुप्रीम कोर्टाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. पहिल्या मालकानं गाडी २००७ ला विकलेली, मग ती एकाकडनं दुसऱ्याकडं अशी हातोहात फिरत गेली, २००९ ला अपघात झाला, आणि आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. कोर्टानं सांगितलं, मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, भरपाई त्याच्यावर. अपघातात माणूस गेलेल्या घरानं गाडी कुणी कुणाला विकली हे शोधत का फिरायचं, असा त्यामागचा विचार. तुमचा बॉन्ड तुमच्या दोघातला आहे, त्या जोरावर तुम्ही घेणाऱ्यावर नंतर दावा लावू शकता, पण अपघातग्रस्ताला तो दाखवून सुटता येत नाही.

हे मी घरी सांगितलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तिकडं गाडी कुणी चालवायची आणि इकडं आपण झोपायचं नाही." मामींनी विषय संपवला, मोहोळच्या पोरीला द्या, ती थांबते म्हणाली ना. २ लाख २८ हजारला फायनल झालं, टायर त्यांनी घालायचे.

मोहोळवाल्यांशी एक गोष्ट ताणली गेली ती रोखीवरून. त्यांच्या सासऱ्यांनी कांद्याचे पैसे रोख ठेवलेले, तेच देतो म्हणाले. पण एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. आज एक लाख उद्या एक लाख अशी फोड करूनही चालत नाही, व्यवहार एकच धरतात. हे ऐकून सासऱ्यांना वाटलं आम्ही आढेवेढे घेतोय. त्यांना नियम नीट समजावून सांगितला, त्यांनी बँकेत भरले आणि आरटीजीएस केलं. यात चार दिवस गेले.

प्रत्यक्ष काय केलं

कागदांना साडेपाच आठवडे लागले. बँकेची ती शाखाच राहिली नव्हती, बँक दुसऱ्या बँकेत गेलेली, नव्या बँकेत जुनं खातं सापडायला अकरा दिवस आणि सहा खेटे. मामांनी जुना दाखला जपून ठेवला होता म्हणून खातं सापडलं तरी, हे सांगायलाच पाहिजे. ताजी एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्यावर एचपी उतरवायचा अर्ज केला. मोबाईल नंबर त्याआधीच बदलून घेतला. एचएसआरपी ७४५ रुपये अधिक जीएसटी, पैसे किरकोळ, पण तारीख लगेच मिळत नव्हती. चलनं भरली, पीयूसी काढली.

इथं एक शहाणपण झालं ते म्हणजे मोहोळवाल्यांकडून पाच हजार टोकन घेऊन दोघांच्या सहीचा साधा कागद केला की एवढ्या एवढ्या तारखेपर्यंत कागद क्लिअर झाले नाहीत तर टोकन परत. त्यामुळं त्यांनाही धीर आला आणि आम्हालाही रोज फोन नाहीत.

मग जुलैत एका सोमवारी सगळे एकत्र बसलो. पूर्ण भरलेले फॉर्म २९ आणि ३०, त्यांचं नाव, पत्ता, तारीख सगळं लिहूनच सही. अर्ज पोर्टलवर टाकला, दोघांच्या मोबाईलवर ओटीपी आले, फी भरली, पावती निघाली. बॉन्डवर तारखेसोबत वेळही लिहिली, दुपारी ३.४०, मीटर रीडिंग आणि चेसिस नंबरसकट. पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेत विचारून घेतलं, नुसत्या मेसेजवर विश्वास ठेवला नाही. आणि किल्ली दिली.

मामांनी गाडी स्वतः पुसून दिली. मामींनी डॅशबोर्डवरचा स्वामींचा फोटो काढून घेतला आणि मग परत लावला, म्हणाल्या राहू दे, तिला रोज हायवेवरनं यायचंय.

पुढं काय झालं

अर्ज केला म्हणजे नाव बदललं असं आम्ही धरलं होतं. ते नाव बदलायला २६ दिवस लागले. एका कागदाची स्कॅन कॉपी पुसट आली म्हणून अर्ज परत आला, तो मेसेज खरेदीदारांकडं गेला, त्यांच्या घरी लग्न होतं, आठ दिवस कुणी बघितलाच नाही.

या २६ दिवसात गाडी रोज मोहोळ-सोलापूर करत होती आणि फास्टॅग मामांचा होता, तो बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. किल्ली दिली त्याच संध्याकाळी मामांच्या मोबाईलवर सावळेश्वर टोलनाक्याचा मेसेज. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. पैशाचं काही नाही, त्यांनी हिशोब करून परत दिले, पण प्रत्येक मेसेजला मामा उठून बसायचे की आत्ता गाडी हायवेला आहे आणि माझ्या नावावर आहे. पाचव्या दिवशी मी टॅग बंद केला तर मेसेज थांबले. मग मामांना ती काळजी, की आता कुठं आहे तेही कळत नाही.

त्याच काळात सात रस्त्याला नो पार्किंगचं एक चलन मामांच्या नावावर आलं. बाईंनी लगेच भरलं आणि पावती पाठवली, माफी मागितली. माणसं खरंच चांगली होती. चांगली होती म्हणून निभावलं.

इन्शुरन्सचं असं की थर्ड पार्टी कव्हर कायद्यानं गाडीबरोबर नव्या मालकाकडं जातं, पण त्यानं चौदा दिवसात कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. ते त्यांनी केलं. आमचं राहिलं ते एनसीबीचं. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षात नवी गाडी घेताना वापरता येतो. मामा आता गाडी घेणार नाहीत, पण पत्र घ्यायला हवं होतं, एका अर्जाचं काम होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एमपरिवहनला नंबर टाकला तर मालकाचं नाव बदललेलं. मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

काय वेगळं करता आलं असतं

जाहिरात टाकायच्या आधी दोन महिने कागद हातात घ्यायला हवे होते. विजापूर रोडचा तो पहिला पोरगा २ लाख ४५ पर्यंत आला असता असं मला अजून वाटतं, तो एचपी बघून गेला. म्हणजे कागदाचे सतरा-अठरा हजार तरी गेले. डीलर एचपीचं मी बघतो म्हणतो तेव्हा तो तीच किंमत आपल्याकडून कापून घेत असतो.

किल्ली कधी द्यायची यावर माझं मत आता पक्कं झालंय, पण मोहोळच्या बाईंचं वेगळं आहे आणि तेही चुकीचं नाही. मी म्हणतो नाव बदललेलं दिसल्यावरच किल्ली. त्या म्हणतात, पूर्ण पैसे देऊन महिनाभर गाडी तुमच्याच दारात उभी, मी कुणाच्या भरवशावर? मला वाटतं मधला रस्ता असा निघाला असता की निम्मे पैसे अर्जाच्या दिवशी, निम्मे नाव बदलल्यावर, आणि तोपर्यंत गाडी आमच्याकडं. आम्ही हा विषय काढलाच नाही, संकोच वाटला. निदान विकणाऱ्यानं चौदा दिवसात फॉर्म २९ नं आरटीओला कळवायचं असतं ते आमचं वेळेत झालेलं, त्याची पावती होती, एवढा तरी आधार.

इंडीच्या भावांना नाही म्हटलं याचं मला वाईट वाटत नाही, पण त्यांना सरळ सांगायला हवं होतं की एनओसी घेऊन टॅक्स भरणार असाल तर आम्ही दहा-पंधरा हजार कमी करतो. कदाचित झालं असतं. आम्ही नुसतं फोन उचलणं बंद केलं, ते बरं दिसलं नाही.

आणि एक गोष्ट अजून चालू आहे. ॲपमध्ये गाडीचं बघताना मामांनी सहज म्हणून जुन्या स्कूटरचा नंबर टाकायला सांगितलं, तो त्यांना अजून पाठ आहे. स्कूटर २००८ ला विकली, शेळगीच्या एकाला, कोऱ्या टीटीओवर सही करून, पैसे रोख. मालक म्हणून नाव अजून मामांचंच. तो माणूस त्या पत्त्यावर राहत नाही, शेजाऱ्यांना माहिती नाही. आरटीओत विक्री झाल्याचा लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय, आणि ती पोच मामांनी त्याच निळ्या फाइलीत लावलीय. दर सोमवारी मी नंबर टाकून बघतो, अजून तेच नाव येतंय.